पुढे काय?

फराळाला पाहुणे जमले, की चिवड्याच्या दुसऱ्या बशीबरोबर एक प्रश्न हटकून येतो. "काय, यंदा शेवटचं वर्ष ना? मग पुढे काय?" एका घरचे चिरंजीव बशी खाली ठेवतात आणि तीन कंपन्या, दोन परीक्षा व जमल्यास स्वतःचा धंदा असा सारा बेत ऐकवतात. दुसऱ्या घरचे चिरंजीव हातातल्या चकलीची वेटोळी मोजू लागतात. पाहुणे मनातल्या मनात निकाल लावून मोकळे होतात : पहिला मार्गी लागला, दुसऱ्याचे काही खरे नाही.

मराठी घेतलेल्या मुलांना तर हा प्रश्न जरा अधिकच टोचून विचारला जातो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा वर्गातले धीट गडी म्हणाले, "आता नोकऱ्याच नोकऱ्या!" भिडस्त मंडळींना वाटले, आता अपेक्षाही अभिजातच असणार!

मुले एकाच वर्गातली, गुण थोडेफार सारखेच. मग एकाला दार उघडे दिसते नि दुसऱ्याला बंद, हे का? मानसशास्त्रज्ञ स्वभावाचे पाच पदर मानतात : बहिर्मुखता, चोखपणा, समंजसपणा, नव्याची ओढ आणि चिंताळूपणा. आपल्या भवितव्याविषयीचा विश्वास बहिर्मुख आणि चोख मुलांत साधारणपणे अधिक आढळतो, चिंताळूंत कमी. येथवर पाहुण्यांचे बरोबरच आहे.

पण विश्वास वाटणे निराळे आणि काम येणे निराळे. १९९१ साली बॅरिक आणि माउंट या दोन अमेरिकन संशोधकांनी ११७ अभ्यास एकत्र करून स्वभाव आणि कामगिरी यांचा मेळ तपासला. त्यांनी पाहिलेल्या सर्व प्रकारच्या व्यवसायांत उपयोगी पडला तो चोखपणा. संबंध फार मोठा नव्हे, पण सगळीकडे होता. बोलकेपणाचा उपयोग मुख्यतः विक्रेते आणि व्यवस्थापक यांना. उथळ पाण्याला खळखळाट फार, असे मात्र मी म्हणणार नाही. खळखळणारे पाणी खोलही असू शकते. माझी काळजी निराळी आहे. जे मूल चोखही आहे आणि चिंताळूही, त्याचे काय? ते मुलाखतीत नापास होत नाही. ते मुलाखतीपर्यंत पोचतच नाही.

आमच्या विभागात अशी एक मुलगी आहे. भित्तिपत्रकातली चुकलेली वेलांटी ती चार हातांवरून ओळखते. एका प्रकाशनगृहाला मुद्रितशोधक हवा होता. जाहिरातीत शेवटी लिहिले होते, 'अनुभव असल्यास प्राधान्य'. एवढ्यावरून बाईसाहेबांनी अर्जच केला नाही. 'प्राधान्य' या शब्दाचा अर्थ तिला सबंध वर्गात सर्वांत चांगला ठाऊक! तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलाकडे अनुभव तर नव्हताच, शुद्धलेखनही बेताचे. त्याने अर्ज केला, आणि त्यात गैर काहीच नाही.

अशा मुलांना आपण घरी काय सांगतो? "अगं, घाबरतेस काय? त्या राजूकडे बघ, कसा चुरूचुरू बोलतो!" मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ साली मांडले, की 'हे मला जमेल' हा विश्वास सर्वांत बळकटपणे येतो तो ते काम स्वतः करून पाहिल्याने. आपल्यासारख्याच कुणाला ते जमलेले पाहिले, तरी धीर येतो. नुसत्या शब्दांचे बळ त्या मानाने थोडे. आणि राजू तर तिच्यासारखा नाहीच. त्याच्याकडे बघून ती आणखी खचणार.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले आणि तिथे मुलांनी काम करत शिकावे अशी सोय केली. 'कमवा व शिका' ही आपण गरिबीची गोष्ट म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण स्वतःच्या श्रमाचे चार पैसे हाती पडलेल्या मुलाला 'तुला जमेल' असे सांगायला दुसऱ्या कुणाची गरज उरत नसावी. शहरातल्या सुखवस्तू घरांत मात्र "तू फक्त अभ्यास कर, बाकी आम्ही बघतो" असे म्हणून आपण एकवीस वर्षे त्याला काही करूच देत नाही, आणि बाविसाव्या वर्षी त्याच्यात आत्मविश्वास नाही म्हणून कपाळाला हात लावतो.

त्या मुलीला आम्ही उपदेश केला नाही. ओळखीच्या एका संस्थेची साठ पानांची स्मरणिका तपासायला दिली. मानधन अगदीच किरकोळ. तिने दोन महिने घेतले आणि संस्थेच्या अध्यक्षांच्या मनोगतातल्या अकरा चुका काढल्या. अध्यक्षांनी दहा मान्य केल्या. गेल्या पंधरवड्यात दुसरी एक जाहिरात आली. अनुभवाच्या रकान्यात तिने एकच ओळ लिहिली आणि माझ्याकडे येऊन विचारले, "मॅडम, 'दोन महिने' अक्षरी लिहू, की अंकी?"