अंक हवा की अहवाल?

केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी १८८९ साली सुरू केलेलं ‘ग्रँटा’ हे नियतकालिक १९७०च्या दशकात बंद पडायच्या बेतात होतं. पूर्वपुण्याई मोठी होती. ‘विनी द पू’चे लेखक ए. ए. मिल्न कधीकाळी त्याचे संपादक होते. सिल्व्हिया प्लाथ आणि टेड ह्यूज यांचं लेखन त्यात छापून आलं होतं. पण पैसा आटला, विद्यार्थ्यांचा रसही आटला आणि एवढ्या थोर नावांचा काही उपयोग होईना.

मग काही पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ते हाती घेतलं. त्यांत पुढे होता बिल ब्युफर्ड, शिष्यवृत्तीवर किंग्ज कॉलेजात शिकायला आलेला अमेरिकन तरुण. नव्वद वर्षांच्या अंकाचं पुनरुज्जीवन म्हटल्यावर आठवणींचा विशेषांक काढणं सोपं होतं. जुन्या संपादकांचे फोटो, माजी विद्यार्थ्यांचे लेख आणि कुलगुरूंचा संदेश एवढ्यात काम भागलं असतं. या मंडळींनी १९७९चा पहिला नवा अंक काढला तो थेट नव्या अमेरिकन लेखनावर! केंब्रिजच्या अंकात केंब्रिजलाच दुय्यम जागा मिळाली.

१९८०च्या तिसऱ्या अंकाचा विषय तर भांडण उकरून काढणाराच होता: इंग्रजी कादंबरीचा अंत. त्याच अंकात मुंबईत जन्मलेल्या आणि लंडनच्या जाहिरात व्यवसायात पोट भरणाऱ्या एका लेखकाच्या अप्रकाशित कादंबरीतला भाग छापला गेला. ती कादंबरी म्हणजे सलमान रश्दी यांची ‘मिडनाइट्स चिल्ड्रन’, जिच्यात संयुक्त महाराष्ट्राच्या काळातला भाषिक मोर्चा मुंबईच्या रस्त्यावरून जातो. पुढच्याच वर्षी तिला बुकर मिळालं. १९८३ मध्ये ‘ग्रँटा’ने वीस तरुण ब्रिटिश कादंबरीकारांचा अंक काढला. काझुओ इशिगुरो, इयन मॅकइवन, ज्युलियन बार्न्स ही नावं त्या यादीत होती. दर दहा वर्षांनी अशी यादी काढण्याची प्रथा आजही चालू आहे. ब्युफर्ड १९९५ पर्यंत संपादक राहिला.

या यशामागे पैशापेक्षा मोठा वाटा संपादकाच्या हट्टाचा होता. काय छापायचं नाही हे त्याला माहीत होतं आणि अंक कोणासाठी काढायचा हेही त्याने ठरवलं होतं. वाचक आवाराबाहेरचा आहे, त्याच्यावर अंक विकत घेण्याची सक्ती नाही, हे एकदा मान्य केलं की पानं भरण्यासाठी पानं भरणं आपोआप थांबतं.

यावर एक रास्त आक्षेप आहे. ‘ग्रँटा’ वाचला, पण विद्यार्थ्यांचा उरला नाही. नवे लेखक जगभरातून आले आणि पदवीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलाची कविता छापून येण्याची जागा गेली. आपल्या महाविद्यालयांनी वार्षिक अंक काढताना ही किंमत मोजण्याचं कारण नाही. त्यांनी संपादकाचा हट्ट घ्यावा आणि लिहिणारे हात विद्यार्थ्यांचेच ठेवावेत.

महाराष्ट्रातल्या बहुतेक महाविद्यालयांत वार्षिक अंक निघतो. त्याचं शुल्क प्रवेशाच्या पावतीवर असतं, विद्यापीठं उत्कृष्ट अंकांच्या स्पर्धाही घेतात. तरीही पुष्कळ अंकांत प्राचार्यांचं मनोगत, विभागांचे अहवाल, पाहुण्यांचं शाल-श्रीफळ आणि गुणवंतांचे पासपोर्ट आकाराचे फोटो यांतून वाट काढत कथा-कवितेपर्यंत पोहोचावं लागतं. संपादक म्हणून नाव प्राध्यापकांचं असतं. विद्यार्थी प्रतिनिधीच्या वाट्याला साहित्य गोळा करणं आणि मुद्रितं तपासणं येतं.

‘मुलं हल्ली लिहितच नाहीत’ हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. ते खरं असतं, तर पुरुषोत्तम करंडक कधीच बंद पडला असता. १९६३ पासून चालत आलेल्या या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेसाठी पुण्यातली मुलं रात्ररात्र जागून संहिता खरडतात, फाडतात, पुन्हा लिहितात. भरत नाट्य मंदिरात ‘आवाज कुणाचा’ या आरोळीने छत दणाणतं. तिथे समोर खरा प्रेक्षक असतो आणि परीक्षक भिडेखातर गोड बोलत नाहीत. २०२२ मध्ये तर दर्जाच्या मुद्द्यावर करंडक कोणालाच दिला गेला नाही आणि त्यावरून भरपूर वाद झाला. कॉलेजच्या वार्षिक अंकात कोणाची कविता नाकारली म्हणून असा वाद झाल्याचं कोणी ऐकलं आहे का?

साधनांची अडचणही फार ताणू नये. १९५०च्या दशकात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक चक्रमुद्रित पानांवर काढलं. चित्रे तेव्हा विशीच्या आतले होते. पाठीशी संस्था नव्हती आणि अनुदानही नव्हतं. मराठी कवितेच्या इतिहासात मात्र त्या पानांची नोंद झाली.

यंदा कुठल्याही प्राचार्यांना हा प्रयोग करून पाहता येईल. परीक्षा तोंडावर आल्यावर धावपळ करण्यापेक्षा जुलैतच दोन विद्यार्थी संपादक नेमावेत आणि साहित्य नाकारण्याचा अधिकार त्यांना लेखी द्यावा. प्राध्यापकांनी सल्लागार राहावं, कायदेशीर अडचण असेल तेवढीच दाखवावी. अहवाल, मनोगतं आणि समारंभांचे फोटो संकेतस्थळावर टाकावेत. अंकाला एकच विषय असावा, तोही आसपासचा आणि टोचणारा: वसतिगृह, एसटीचा पास, स्पर्धा परीक्षांत गेलेली वर्षं, गावाकडे न परतणारी मुलं. पानं साठच असली तरी चालतील. छापील किंमत मात्र असावी आणि शंभर प्रती शेजारच्या महाविद्यालयात विकायला ठेवाव्यात. त्यांतल्या किती खपल्या, हा आकडा पुढच्या अंकाच्या संपादकांना पहिल्याच बैठकीत सांगावा.