सेनानीची कारकीर्द आणि एका ओळीचे दाभोळ

'शत्रुपक्षाचा असला तरी सेनानी म्हणून थोर' हे वाक्य आपल्या युद्धचरित्रांतून इतक्या वेळा भेटते, की ते आता मत न राहता निव्वळ संकेत झाले आहे. जर्मन सेनापतींच्या बाबतीत तर फारच. पदके, बढत्या, नकाशावरचे बाण, आणि मग ओघात एक वाक्य : राजकारणाशी त्यांचा संबंध नव्हता! 'नाइट्स क्रॉस'चा मानकरी एरिक फॉन मान्स्टाइन याने १९५५ साली आठवणी प्रसिद्ध केल्या. त्यांत डावपेच भरपूर आहेत. १९४९ मध्ये हाम्बुर्ग येथे ब्रिटिश लष्करी न्यायालयाने ज्या युद्धगुन्ह्यांबद्दल त्याला दोषी ठरविले, त्यांविषयी पुस्तक जवळजवळ मूक आहे. आपला वाचक डावपेचांवर लुब्ध होतो आणि हे मौन त्याच्या लक्षातही येत नाही.

प्रश्न केवळ जर्मनांचा नाही. वाशिष्ठीच्या मुखावरचे दाभोळ घ्या. पंधराव्या शतकात रशियन प्रवासी निकितिन याच बंदरातून होर्मुझकडे निघाला होता, इतके ते गजबजलेले. पोर्तुगीजांचा पहिला व्हाइसरॉय फ्रान्सिस्कु द आल्मेदा याची कारकीर्द सेनानीला शोभेल अशीच : ग्रानादाचे युद्ध, १५०५ मध्ये किल्वा व मोंबासा, ३ फेब्रुवारी १५०९ रोजी दीवचा निर्णायक विजय. यांच्या मधोमध, डिसेंबर १५०८ च्या अखेरीस, दाभोळ येते. बहुतेक चरित्रांत एका ओळीपुरते.

त्या ओळीत काय दडले आहे? आल्मेदाचा मुलगा लोरेंसु त्याच वर्षी चौलला मारला गेला होता. मारणारे आरमार इजिप्तच्या ममलुक सुलतानाचे आणि दीवच्या मलिक अयाझचे, चौल निजामशाहीचे. दाभोळ आदिलशाहीत! तरी सूड दाभोळवर उगवला. शहर जाळले, बायका-मुलांनाही सोडले नाही. हे शत्रूने रचलेले कुभांड नव्हे, पोर्तुगीज इतिहासकारांनीच लिहून ठेवले आहे.

येथे हमखास उत्तर येते : तो काळच तसा होता. हे उत्तर आळशी आहे. दाभोळवर कोसळला तसा फिरंग्यांचा कोप तुझ्यावर कोसळो, अशा अर्थाचा शाप पुढे रूढ झाल्याची नोंद पोर्तुगीजांच्याच ग्रंथांत आहे. म्हणजे त्या 'तशा' काळालाही हे नेहमीचे वाटले नव्हते. सवयीचे वाटते ते आपल्याला, कारण आपण कारकिर्दीच्या बाजूने वाचतो.

आणि आल्मेदा परका म्हणून ही टीका सोपी वाटत असेल, तर नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांच्याकडे यावे. आपल्याकडे त्यांच्या बंगालवरील स्वाऱ्या म्हणजे चौथाईचा हिशेब आणि १७४४ मध्ये अलिवर्दीखानाने भेटीस बोलावून केलेला विश्वासघात. विश्वासघात खराच. पण गंगाराम या बंगाली कवीचे 'महाराष्ट्र पुराण' त्याच स्वाऱ्यांचे आहे, आणि त्यात बर्गींच्या भीतीने गावेच्या गावे घरदार सोडून पळताना दिसतात. मराठी विभागांत बखरी शिकविल्या जातात. त्यांच्या शेजारी हे काव्य ठेवायला कोणाची हरकत आहे? भाषा शेजारची आहे, अनुवाद अशक्य नाही, आणि नावात महाराष्ट्र तर आहेच.