सर्टिफिकेटपुरतं शिकवणार असाल तर नको!

"रिझ्युमेत काहीतरी सोशल वर्क पाहिजे यार!" असं म्हणत आमच्या विंगमधल्या बऱ्याच जणांनी परदेशातल्या मुलांना ऑनलाइन इंग्लिश शिकवायला नाव दिलंय. मीही दिलं होतं. चांगलंच आहे. पण मित्रांनो, समोर कोण आहे ते तरी बघा!

अफगाणिस्तानात २०२१ पासून सहावीच्या पुढे मुलींची शाळा बंद आहे. डिसेंबर २०२२ मध्ये युनिव्हर्सिटीही बंद झाली. तिथल्या मुलीला मोबाइलवरचा तो एक तास म्हणजेच शाळा. आपल्याकडे रात्रीचे नऊ, तेव्हा काबूलमध्ये आठ. माझी विद्यार्थिनी रोज वेळेवर हजर. आणि मी? सबमिशन आलं, पीएल लागली, न सांगता गायब! महिन्याने मेसेज पाहिला, "टीचर, माय मिस्टेक?" तिची एक शाळा तालिबानने बंद केली, दुसरी मी.

"माझंच इंग्लिश धड नाही" ही सबबही नको. मराठी मीडियमवाल्यांनो, दरी आणि पश्तोतही क्रियापद आपल्यासारखंच वाक्याच्या शेवटी येतं. 'आय वॉटर ड्रिंक' असं ती का म्हणते, हे कॉन्व्हेंटवाल्यांपेक्षा आपल्यालाच लवकर कळेल. आपणही तेच केलंय ना!

तेव्हा एवढंच करा. कॅमेऱ्याचा आग्रह नको, स्क्रीनशॉट तर मुळीच नको. तिच्या जिवावर बेतू शकतं. परीक्षेची सुट्टी आधी सांगा. आठवड्याला एकच तास द्या, पण पूर्ण सेमिस्टर द्या. जमणार नसेल तर नाव देऊ नका. बघा, पटतंय का!