जनावर दवाखान्यात न्यावे की न न्यावे?

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी गाय, म्हैस, शेळी किंवा निदान एखादे कुत्रे तरी असेल. बारामती तालुक्यात सोमेश्वरनगरच्या आसपास, नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात, उसाच्या जोडीला दूधधंदा हा आलाच. अशा गावांत एक तक्रार नेहमी कानी पडते : “आमची कालवड चांगली धडधाकट होती. दवाखान्यात नेली आणि तिथूनच आजार घेऊन आली.” शिकलेली माणसे हे ऐकून हसतात. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. या तक्रारीत एक गोष्ट अगदी खरी आहे आणि एक चुकीची आहे. दोन्ही एकमेकींत गुंतल्यामुळे माणसे लस टोचून घेण्याचेच टाळू लागतात, आणि मग खरे नुकसान होते.

आधी खरी गोष्ट पाहू. जनावरांच्या दवाखान्यात कोण येते? बहुतेक आजारी जनावरेच. सकाळी लाळ्या-खुरकूत झालेला बैल खोड्यात उभा केला, त्याची लाळ आडव्या दांड्यावर गळली, आणि अर्ध्या तासाने त्याच खोड्यात तुमची गाभण गाय बांधली, तर ती दांडा चाटणार नाही कशावरून? या रोगाचा विषाणू लाळेत विपुल असतो. तोंडात फोड दिसू लागण्याच्या आधीही तो बाहेर पडत असतो. जनावरांचा रोग असा गाळणीतूनही आरपार जाणाऱ्या अतिसूक्ष्म घटकामुळे होऊ शकतो, हे लोफ्लर आणि फ्रॉश या जर्मन शास्त्रज्ञांनी १८९८ मध्ये दाखवले, ते याच लाळ्या-खुरकुताच्या अभ्यासातून. तेव्हा संसर्गाची भीती ही अडाणी माणसाची कल्पना नव्हे.

याहून बोलका दाखला आपल्या पुण्याचाच आहे. भारतातील जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी पहिली मोठी प्रयोगशाळा, इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी, १८८९ मध्ये पुण्यात सुरू झाली. चारच वर्षांत, १८९३ मध्ये, ती उचलून हिमालयातील मुक्तेश्वरला नेण्यात आली. का? भयंकर साथीच्या रोगांचे जंतू हाताळायचे तर ती जागा वस्तीपासून आणि गुराढोरांपासून दूर, वेगळी हवी, म्हणून! रोग हटवण्यासाठी काढलेली संस्थाच रोग पसरवू शकते, ही शंका खुद्द शास्त्रज्ञांनाही होती. पण त्यांनी प्रयोगशाळेला कुलूप लावले नाही, तिची जागा बदलली. हीच संस्था पुढे भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. जिच्या धास्तीने गावेच्या गावे हवालदिल होत, ती बुळकांडी २०११ मध्ये जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. त्यामागे जगभराची मेहनत होती, आणि मुक्तेश्वरच्या डोंगरावरचे कामही होते.

आता चुकीची गोष्ट. “दवाखान्यात नेल्यानंतर आजारी पडली, म्हणून दवाखान्यामुळे आजारी पडली,” हा तर्क लंगडा आहे. तो कोठे लंगडतो हे पाहायला लम्पी चर्मरोगासारखे उदाहरण नाही.

हा रोग १९२९ मध्ये आफ्रिकेत, आजच्या झांबियात, प्रथम नोंदला गेला. भारतात तो २०१९ मध्ये ओडिशात आढळला. आपल्या राज्यात ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातून साथ उसळली आणि काही आठवड्यांत ती बहुतेक जिल्ह्यांत पोहोचली. सरकारने लसीकरण हाती घेतले. २०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात गाई-बैल सुमारे १ कोटी ४० लाख. यावरून कामाचा आवाका ध्यानात येईल. लम्पीचा विषाणू शेळ्यांच्या देवीच्या विषाणूचा जवळचा भाऊबंद असल्याने शेळ्यांच्या देवीची लसच गुरांना टोचण्यात आली. आणि लगोलग कुजबूज सुरू झाली की लसच गाठी आणते.

वही काढा आणि हिशोब करा. विषाणू अंगात शिरल्यापासून गाठी दिसेपर्यंत बहुधा एक ते चार आठवडे जातात. लसीने पुरेशी प्रतिकारशक्ती यायला सुमारे तीन आठवडे लागतात. समजा, १ तारखेला लस टोचली आणि ४ तारखेला अंगभर गाठी आल्या. मग विषाणू कधी शिरला? १ तारखेच्या आधी! त्या दिवशी जनावर वरून ठणठणीत दिसत होते, एवढेच. टोचलेल्या जागी थोडी सूज येणे किंवा एखादा दिवस ताप येणे ही निराळी बाब. लसीनंतर ते होऊ शकते.

आणखी एक आकडेमोड. समजा, एखाद्या गावात साथ चालू आहे आणि दर आठवड्याला शंभरांतील तीन जनावरे आजारी पडत आहेत. अशा गावात एका दिवशी दोनशे जनावरांना लस टोचली. पुढच्या आठवड्यात त्यांतील सहा जनावरे आजारी पडणारच होती, कारण लस अजून कामाला लागलेली नाही. ही सहा घरे काय सांगतील? “टोचून आणली आणि पडली.” उरलेली एकशे चौऱ्याण्णव घरे काहीच सांगणार नाहीत. न घडलेल्या गोष्टीची बातमी होत नाही ना!

येथवर वाचून कोणी म्हणेल, म्हणजे दवाखान्याचा दोष काहीच नाही. असे मी म्हणत नाही. लम्पी मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत पसरतो. माशी काय करते? रोगी जनावराला टोचते आणि तेच तोंड निरोगी जनावराला लावते. मग एकच सुई एकामागून एक दहा जनावरांना टोचणारा माणूस याहून निराळे काय करतो? गुरांच्या तांबड्या रक्तपेशींत राहणारा अनाप्लाज्मा नावाचा सूक्ष्मजंतू तर अशा सुईवरून एका जनावरातून दुसऱ्यात जातो हे पक्के ठाऊक आहे. वापरलेली सुई लसीच्या बाटलीत पुन्हा बुडवली की सारी बाटलीच बिघडली. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की प्रत्येक जनावराला वेगळी निर्जंतुक सुई ही मेहेरबानी नाही, मालकाचा हक्क आहे. सुईची किंमत गाईच्या एका वेळच्या दुधाच्या पासंगालाही पुरणार नाही. डॉक्टरांना किंवा कंपाउंडरना “साहेब, सुई बदललीत ना?” असे नम्रपणे विचारण्यात कसला आला अपमान?

दुसरे मत लसीकरणाच्या पद्धतीबद्दल. गावात दवंडी दिली जाते, सारी गुरे देवळापुढच्या पटांगणात जमतात, एकमेकांच्या अंगाला अंग घासतात, एकाच हौदावर पाणी पितात. डॉक्टरांकडे पुष्कळ गावे असतात, माणूसबळ थोडे असते, हे मान्य. तरीही साथीच्या दिवसांत गोठ्यागोठ्यात जाऊन लस टोचणेच योग्य. ते जमत नसेल तर निदान गल्लीवार वेळ ठरवून द्यावी. दवाखान्यातही लस, कृत्रिम रेतन, गाभणपणाची तपासणी यांसाठी येणाऱ्या निरोगी जनावरांना सकाळची पहिली वेळ द्यावी, आणि आजारी जनावरे त्यानंतर घ्यावीत. याला इमारत लागत नाही, पैसा लागत नाही. दारावर एक पाटी लागते. ज्याला लाळ गळते, ताप आहे किंवा अंगावर गाठी आहेत असे जनावर तर दवाखान्यात नेऊच नये. डॉक्टरांना निरोप देऊन त्यांनाच गोठ्यावर बोलवावे.

खोडा धुण्याचे रसायनशास्त्रही सोपे आहे. लाळ्या-खुरकुताच्या विषाणूला आम्ल सोसत नाही आणि अल्कही सोसत नाही. म्हणून एक लिटर पाण्यात चाळीस ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून त्या द्रावणाने शेण काढून टाकलेला खोडा, फरशी आणि आपल्या चपलांचे तळवे धुतले तर काम भागते. आधी शेण काढायचे, मग सोडा; शेणाखाली दडलेल्या विषाणूपर्यंत द्रावण पोहोचत नाही.

कुत्र्याच्या पिल्लांची गोष्ट थोडी वेगळी. पार्व्हो नावाचा विषाणू १९७८ च्या सुमारास प्रथम ध्यानात आला आणि दोन वर्षांत जगभर पसरला. रक्ताची हगवण लागून पिल्ले पटापट दगावतात. हा विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकतो, आणि साध्या फिनेलला तो दाद देत नाही. ब्लीचिंगच्या द्रावणाने मात्र मरतो. लसीचे सगळे डोस पुरे झाले नसतील तर पिल्लू दवाखान्याच्या फरशीवर सोडू नका. पाटीत किंवा मांडीवर ठेवा, दुसऱ्या कुत्र्यांना हुंगू देऊ नका, आणि दुसरा डोस भीतीपोटी चुकवू नका. आईच्या दुधातून मिळालेले संरक्षण काही आठवड्यांत ओसरते. त्या पोकळीतच पार्व्हो गाठतो.

एक गंमत मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. जो मनुष्य दवाखान्याला भितो तोच बाजारात बिनधास्त जातो. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडीची बैलजोडी येते, कोप्या पडतात, गाडीतळावर गाड्यांच्या रांगा लागतात. ठिकठिकाणचे बैल एकाच हौदावर तोंड घालतात आणि उरलेले वाढे शेजारच्या दावणीत जाते. तेथे कोणी नाक मुरडत नाही. २०२२ च्या साथीत सरकारने गुरांचे बाजार, शर्यती, प्रदर्शने यांवर बंदी घातली, वाहतूक रोखली. दवाखाने मात्र उघडे ठेवले. धोका जास्त कोठे होता हे त्यावरून दिसते.

शिक्षकांना एक विनंती. लाळ्या-खुरकुताची लस आता राष्ट्रीय कार्यक्रमातून दर सहा महिन्यांनी टोचली जाते. पुढच्या फेरीच्या वेळी आठवी-नववीच्या मुलांकडून प्रत्येकी पाच गोठ्यांची नोंद करून घ्या. रकाने असे असावेत : जनावराच्या कानातील बिल्ल्याचा क्रमांक, लस टोचल्याची तारीख, सुई बदलली की नाही, त्याआधीच्या महिन्यात जनावर बाजारात किंवा दुसऱ्या गावी गेले होते का, आणि पुढील तीस दिवसांत आजारी पडले असल्यास कोणत्या दिवशी. लस न टोचलेली जनावरेही याच तक्त्यात घ्या आणि आजारी न पडलेली कोणतीही वगळू नका, नाहीतर वर सांगितलेली एकशे चौऱ्याण्णव घरे पुन्हा मुकीच राहतील. तक्ता पूर्ण झाला की त्याची एक प्रत तुमच्या गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन द्या.