मार्गदर्शकाचा वारसा मतांपुरता नसतो

मा. संपादक,


पदवी मिळताच मार्गदर्शकाचे कार्य संपते आणि पुढे शिष्य त्याच्याच मताला धरून राहिला तर ती निव्वळ व्यक्तिनिष्ठा ठरते, हे गेल्या अंकातील पत्रात मांडलेले मत खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांच्या कारकिर्दीकडे पाहता टिकत नाही. नारळीकरांनी केंब्रिजमध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली १९६३ मध्ये पीएच.डी. मिळवली. विश्व प्रसरण पावत असले तरी नव्या द्रव्याच्या निर्मितीमुळे त्याची सरासरी घनता कायम राहते, असे सांगणारा हॉइल यांचा स्थिर स्थिती सिद्धांत नारळीकरांनी जसाच्या तसा कवटाळला नाही. प्रतिकूल निरीक्षणांची दखल घेऊन १९९३ मध्ये हॉइल आणि खगोलशास्त्रज्ञ जेफ्री बर्बिज यांच्यासह त्याची सुधारित मांडणी केली. हॉइल यांनी केंब्रिजमध्ये स्थापन केलेल्या सैद्धांतिक खगोलशास्त्र संस्थेत काम केलेल्या नारळीकरांनी १९८८ मध्ये पुण्यात ‘आयुका’ ही खगोलशास्त्र संशोधन संस्था उभारली आणि विद्यापीठांतील संशोधकांना हक्काचे केंद्र दिले. हॉइल यांच्याप्रमाणेच त्यांनीही विज्ञानकथा लिहिल्या. प्रचलित मताची निर्भयपणे परीक्षा घेण्याची वृत्ती, संस्था उभारण्याची दृष्टी आणि समाजाशी बोलण्याची तळमळ हाच मार्गदर्शकाचा खरा वारसा असून त्याचे मोल पदवीच्या कालमर्यादेत मोजणे अन्यायाचे आहे.

आपला,
एक वाचक