सिक मेमोत न मावणारा आजार

रेल्वे आणि पोस्टातील कामगाराच्या आरोग्याचा प्रश्न निघाला की चर्चा तीन तक्रारींवर येऊन थांबते : डॉक्टर नाहीत, औषधे नाहीत आणि बाहेरच्या रुग्णालयाचे बिल मंजूर होत नाही. तिन्ही तक्रारी रास्त आहेत व त्या लावून धरल्याच पाहिजेत. पण या यादीत सिस्टरचे नाव क्वचितच असते. सिस्टर म्हणजे इंजेक्शन देणारी आणि डॉक्टरांच्या मागे ट्रे घेऊन चालणारी बाई, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज प्रशासनाच्या सोयीचा आहे, कामगाराच्या नव्हे.

शुश्रूषा हे स्वतंत्र शास्त्र आहे आणि त्याचा पाया घालताना हिंदुस्थानचाही विचार झाला होता. येथील गोऱ्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५९ साली शाही आयोग नेमला गेला. फौजेत दर हजारी ६९ शिपाई दरसाल मरत होते असे १८६३ च्या त्याच्या अहवालात नमूद झाले. त्यातले बहुतेक लढाईत नव्हे, तर ताप, हगवण आणि कॉलऱ्याने मरत. फ्लॉरेन्स नाइटिंगेल कधी या देशात आल्या नाहीत. पण त्यांनी छावण्यांकडून आलेली माहिती तपासली आणि बराकी, पाणी व गटारे यांच्याकडे बोट दाखवले. रोग्याभोवतीची परिस्थिती सुधारणे हे शुश्रूषेचेच काम आहे, हा त्यांचा सिद्धांत. आपल्या रेल्वे क्वार्टर्सची गळकी छपरे आणि तुंबलेली गटारे पाहिली की तो आजही जुना वाटत नाही.

दुसरा विचार समाजशास्त्रातला. टॅल्कॉट पार्सन्स या अमेरिकन पंडिताने १९५१ साली असे मांडले की, आजारी माणसाला समाज एक ठराविक भूमिका देतो. त्याला दोन सवलती मिळतात : नेहमीच्या कामातून सुटका, आणि आजाराचा दोष त्याच्या माथी नाही. त्याबरोबर दोन कर्तव्येही येतात : बरे होण्याची इच्छा धरणे आणि जाणकाराकडे जाऊन उपचार घेणे. रेल्वे कामगाराला हे समजायला पुस्तक नको. सिक मेमो घेतला की ही भूमिका सुरू होते. फिट सर्टिफिकेट हाती पडले की संपते.

मलेरियाला किंवा मोडलेल्या पायाला ही व्यवस्था पुरते. मधुमेहाला आणि रक्तदाबाला ती पुरत नाही. हे आजार आठ दिवसांत बरे होत नाहीत. जन्मभर सोबत राहतात. असा कामगार सिकही नसतो आणि पुरता फिटही नसतो. सिकमध्ये गेला तर ‘नाटक करतो’ असा शेरा बसतो. न जावे तर आजार आतून वाढतो. रनिंग स्टाफला तर मेडिकलमध्ये नापास झालो तर मायलेज बुडेल ही धास्ती असते, म्हणून दुखणे लपवले जाते. दोष माणसाचा नाही. फक्त सिक आणि फिट असे दोनच रकाने ठेवणाऱ्या पद्धतीचा आहे.

येथे शुश्रूषाशास्त्राचा खरा उपयोग आहे. डोरोथिया ओरेम या परिचारिकेने १९७१ च्या आपल्या ग्रंथात सांगितले की प्रत्येक माणूस स्वतःची काळजी स्वतःच घेत असतो. गरज वाढली आणि त्याची शक्ती तिला पुरेनाशी झाली की तूट पडते. ती तूट भरणे म्हणजे नर्सिंग. बेशुद्ध रोग्याचे सगळेच करावे लागते. ऑपरेशन झालेल्याला अर्धा हात द्यावा लागतो. तिसऱ्याला शिकवावे लागते आणि आधार द्यावा लागतो. आपले बहुतेक मधुमेही या तिसऱ्या गटातले आहेत.

रात्रीच्या पेट्रोलिंगला निघणाऱ्या ट्रॅकमनने गोळी केव्हा घ्यावी, जेवण केव्हा करावे? पायाची संवेदना कमी झालेल्याने खडीवरून चालून आल्यावर तळवे कसे तपासावेत? गाडीवर असताना साखर उतरू लागली तर लोको पायलटला ते आधी कशावरून कळावे? उन्हात बीट करणाऱ्या पोस्टमनने काय जवळ ठेवावे? याला नुसती चिठ्ठी पुरत नाही. सिस्टरने अर्धा तास समोर बसवून सांगावे लागते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे शिक्षण रुग्णालयात तीन रोग्यांमागे व सर्वसाधारण रुग्णालयात पाच रोग्यांमागे एक परिचारिका हवी. जिथे रात्री अख्खा वॉर्ड एकीच्या गळ्यात पडतो आणि दिवसा तिचा वेळ रजिस्टरे भरण्यात जातो, तिथे हा अर्धा तास आणायचा कोठून?

मात्र एक सावधगिरी हवी. ‘स्वतःची काळजी स्वतः घ्या’ हे वाक्य प्रशासनाच्या तोंडी गेले की जबाबदारी झटकण्याचे हत्यार बनते. रोस्टर जेवायला वेळ देत नसेल, तर वेळेवर जेवा असे शिकवून काय उपयोग? माणसाची शक्ती कमी पडते म्हणून जशी तूट येते, तशी ती ड्यूटीमुळेही येते. म्हणून ओरेमबरोबर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांचेही नाव घ्यावे लागते. वेल्समधील ग्लिनकोर्ग या कोळसा खाणीच्या गावातले हे डॉक्टर. गावातील प्रौढांचा रक्तदाब त्यांनी तक्रारीची वाट न पाहता स्वतःहून तपासला. १९७१ साली त्यांनी लिहिले की जिथे गरज जास्त तिथे चांगली वैद्यकीय सेवा कमी पोचते, आणि सेवा बाजाराच्या हाती जितकी जास्त, तितका हा नियम कठोर. आपल्याकडे मोठे रुग्णालय मुख्यालयात आणि गँग जंगलात, हे त्याचेच उदाहरण. ग्रामीण डाक सेवकाजवळ तर सीजीएचएसचे कार्डही नाही.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. परिचारिकांच्या रिक्त जागा कायमस्वरूपी भराव्यात, कंत्राटाने नव्हे. त्यांच्याकडील कारकुनी काम काढून घ्यावे. प्रत्येक हेल्थ युनिटमध्ये दीर्घ आजाराच्या कामगारांसाठी सिस्टरचा आठवड्यातून एक ठरलेला दिवस असावा आणि महिन्यातून एकदा तिने गँगवर व सॉर्टिंग ऑफिसात जावे. तिने लिहून दिलेली ड्यूटीविषयीची शिफारस डॉक्टरांपुढे जावी व रोस्टर करणाऱ्याने ती विचारात घ्यावी. ग्रामीण डाक सेवकांना सीजीएचएसमध्ये घ्यावे.

शाखांनी येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा, सभेला सिस्टर भगिनींना सन्मानाने बोलवावे आणि त्यांच्या अनुभवाच्या आधारे ठराव करून फेडरेशनकडे पाठवावा. त्यांच्या जागांचा लढा हा आपल्याच प्रकृतीचा लढा आहे.