घरगुती संगणकावर आभासी चलनाचे खनन : वीज आणि कराचा हिशेब

जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइनचे जाळे सुरू झाले, तेव्हा साध्या घरगुती संगणकावरही त्याचे खनन, म्हणजेच 'मायनिंग', शक्य होते. व्यवहारांची नोंद पक्की करण्यासाठीचे गणिती कोडे जो प्रथम सोडवील, त्याला नवी नाणी मिळतात, अशी ही रचना आहे. २०१० पासून ग्राफिक्स कार्डांनी प्रोसेसरला मागे टाकले आणि २०१३ पासून केवळ याच कामासाठी घडवलेल्या यंत्रांनी या कार्डांनाही निष्प्रभ केले.

घरगुती खननाचा मुख्य आधार त्यानंतर इथेरियम हे चलन होते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने खननाची पद्धतच सोडून दिली. त्यामुळे लक्षावधी कार्डांना लहानसहान चलनांकडे वळावे लागले आणि तेथील मिळकत झपाट्याने घटली.

कार्यक्षम यंत्र उभारता येते, यात शंका नाही. इथेरियमच्या काळात २०० वॉटचे एक लोकप्रिय कार्ड विजेची मर्यादा घालून सुमारे १२० वॉटवर चालवले जाई आणि तरीही त्याचा वेग कमी होत नसे; कारण त्या गणितात स्मृतीचा वेग निर्णायक होता. उत्तम प्रतीचा पॉवर सप्लाय आणि खेळती हवा यांनीही वीज वाचते. तथापि, अशी सहा कार्डे व इतर भाग मिळून ८५० वॉट लागतात असे धरले, तरी महिन्याला ६१२ युनिट वीज खर्च होते. दहा रुपये दराने हे बिल ६,१२० रुपये होईल. बहुतेक राज्यांत वापर वाढताच घरगुती दराचा टप्पाही चढतो, हे वेगळेच.

भारतात खरा अडसर कराचा आहे. २०२२ च्या वित्त अधिनियमाने आभासी मालमत्तेच्या हस्तांतरणातील उत्पन्नावर ३० टक्के कर लावला आणि संपादन खर्चाखेरीज कोणतीही वजावट नाकारली. खननाच्या यंत्रसामग्रीचा खर्च संपादन खर्च मानला जाणार नाही, असे सरकारने मार्च २०२२ मध्ये लोकसभेत स्पष्ट केले. समजा, महिन्यात ७,००० रुपयांची नाणी मिळवून विकली. वीजबिल वजा जाता ८८० रुपये उरतात. परंतु संपूर्ण रकमेवर कर आकारल्यास तो उपकराविना २,१०० रुपये होतो. म्हणजे कागदावरचा नफा प्रत्यक्षात १,२२० रुपयांचा तोटा ठरतो. कार्डांची किंमत यात धरलेलीच नाही.

शिवाय कार्यक्षमतेचा लाभ टिकाऊ नसतो. सर्वांची यंत्रे सुधारली की कोडेही अधिक अवघड होते. बिटकॉइनमध्ये हा बदल साधारण दोन आठवड्यांनी होतो. तेथील बक्षीस तर एप्रिल २०२४ मध्ये ६.२५ वरून ३.१२५ नाण्यांवर आले.

म्हणूनच कर्ज काढून किंवा घरातील बचत मोडून केवळ खननासाठी संगणक उभारणे सामान्य कुटुंबाला परवडणारे दिसत नाही. ज्यांना चित्रफीत संपादन, अभ्यास वा संशोधनासाठी शक्तिशाली कार्ड हवेच आहे, त्यांनी ते त्या कामाच्या गरजेवर निवडावे. खननाची संभाव्य मिळकत त्या खरेदीच्या हिशेबात धरू नये, हेच व्यवहार्य ठरेल.